उजवा हात खाली येऊ देऊ नकोस

आधीच सांगतो, आम्ही भुताखेतांना मानणारी माणसं नाही. आमच्या घरात अंगारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही, कुणाची दृष्ट काढणं नाही. शेजारच्या कुणी असली गोष्ट सुरू केली की त्यांची टर उडवण्यात मीच पुढे असायचो. त्यामुळे हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते आहे.

पण घडलं ते घडलं. आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलं.

गेल्या डिसेंबरमध्ये सुरू झालं. नाशिक रोडला जेल रोडच्या मागे एका कॉलनीत आमचं छोटं घर आहे. गच्चीवर एक पत्र्याची खोली. भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही सकाळच्या उजेडात घडली, खाली आईचा कुकर शिट्ट्या देत असताना.

मी धम्मपाल. एका पतसंस्थेत क्लार्क आहे. घरात आई, मी आणि धाकटी बहीण संजना. वडील जाऊन बरीच वर्षं झाली.

संजना बॉक्सर आहे. शाळेपासून दुसरं काही तिच्या डोक्यातच नाही. आमच्या भागात शेखर सरांचा क्लब आहे, तिथे ती शिकली. ताकद भरपूर, दम भरपूर. खोड एकच.

डाव्या हाताने ठोसा मारला की तिचा उजवा हात खाली यायचा.

बॉक्सिंगमध्ये एक हात मारतो तेव्हा दुसऱ्याने गालापाशी थांबून चेहरा राखायचा असतो. तिचा हात थांबायचा नाही. जिंकत आलेल्या लढती ती त्या एका खोडीपायी हरली. सर ओरडून थकले. "संजना, उजवा हात! उजवा हात खाली येऊ देऊ नकोस!" हे वाक्य मला झोपेतही ऐकू यायचं.

या वर्षी सगळं पणाला लागलं होतं. जानेवारीत राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. संघात गेली तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीच्या भरतीला अर्ज करता येणार होता. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती.

आणि सर म्हणाले, "महिनाभरात हात सुधारला नाही, तर मी तुझं नाव पाठवणार नाही. उगाच मार खायला कशाला पाठवू?"

त्या दिवशी ती घरी येऊन भिंतीला टेकून बसली. जेवली नाही. मी काहीतरी चेष्टा करून बघितली. एरवी उशी फेकून मारली असती. त्या दिवशी नुसती बघत राहिली.

"दादा, मला दुसरं काहीच येत नाही रे," म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. क्लबमधल्या बॅगेवर दहा जणांची रांग असते. म्हणून मी ओळखीतून एक जुनी पंचिंग बॅग आणली. खरं म्हणजे नुसतं कव्हर. चामडं मजबूत, साखळी चांगली, आत काही नाही. ती आपण भरायची.

सरांनी फोनवर बजावलं होतं. "जुने कपडे भरा. पण अख्खे नाही. फाडून, पार चिंध्या करून, घट्ट दाबून."

आता एवढे कपडे आणायचे कुठून? दुसऱ्या दिवशी गल्लीत भांडीवाली आली. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देते ती. आमच्या संजनाने उलटा व्यवहार केला. आईचा नवाकोरा डबा आणि दोन पातेली तिच्या टोपलीत ठेवली आणि तिच्याकडचं एक मोठं गठुडं उचललं.

"भांडी देऊन चिंध्या घेणारी पहिलीच पोरगी पायली बाई," भांडीवाली म्हणाली.

आई डब्यावरून आठवडाभर तणतणत होती.

गठुडं एकाच घरातून आलेलं दिसत होतं. नीट घड्या घालून चादरीत बांधलेलं. साड्या, ब्लाउज, गाऊन, एक-दोन स्वेटर. मी कात्री घेऊन बसलो. संजना घाईला आली होती.

"फाडत बसलास तर दोन दिवस जातील. ढकल तसेच."

ढकलले. घड्या न मोडता, थरावर थर. ब्लाउजचे हूक टोचू नयेत म्हणून वरून चादर गुंडाळली. बॅग टम्म भरली. पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी अँगलला टांगली.

दुसऱ्या सकाळपासून सराव सुरू झाला.

ठोसे बसले की बॅग झोके घेते आणि नेम चुकतो. म्हणून दुसऱ्याने मागून बॅगेला मिठी मारून उभं राहायचं. ते काम माझं. ऑफिसला जायच्या आधी मी रोज तसा उभा राहायचो. बॅगेवर खांदा, बॅगेवर कान.

पहिले काही दिवस ठीक गेले. संजना मारायची, मी "हात... हात..." ओरडायचो. हात खाली यायचाच.

मग एका सकाळी...

ठोसा बसायच्या आधी बॅग ताठ झाली.

ठोसा बसल्यावर नाही. आधी. पोटात मार बसणार हे कळल्यावर माणूस पोट आवळतो ना, अगदी तशी. माझ्या दोन्ही हातांना ते जाणवलं.

वाटलं, कपडे आत सरकले असतील.



त्यानंतर दोन-चार दिवसांनी खालून आईची हाक आली. "काय रं, झोपलात का दोघं? आज आवाज नाय तो?"

मी दचकलो. कारण संजना माझ्यासमोर घामाघूम होऊन मारत होती. जीव खाऊन मारत होती. ठोसे माझ्या खांद्यापर्यंत पोहोचत होते.

आणि खरंच...

आवाज येत नव्हता.

थप् नाही, साखळीची करकर नाही. नुसता संजनाचा श्वास. ठोसा मारताना बॉक्सर तोंडाने श्वास सोडतात, "हिस्स" असा. तेवढाच ऐकू येत होता.

हिस्स... हिस्स... हिस्स...

मग माझ्या लक्षात आलं. संजना थांबली होती. पाणी पीत होती.

हिस्स...

माझा कान बॅगेला टेकलेला होता.

मी बॅग सोडून मागे झालो. अंगाला दरदरून घाम फुटला. डिसेंबरच्या थंडीत.

"काय झालं?" संजनाने विचारलं.

"काही नाही. पाय दुखतायत."

खोटं बोललो. भुताखेतांची टर उडवणाऱ्या माणसाने काय सांगायचं? बॅग श्वास घेते म्हणून?

त्याच दिवशी जेवताना तिच्या उजव्या गालाकडे लक्ष गेलं. लाल झाला होता. चार बोटांच्या पेरांचा उंचवटा दिसत होता.

"हे काय?"

"ग्लोव्ह लागला माझाच," ती म्हणाली आणि मान वळवली.

दुसऱ्या सकाळी मी बॅग धरली नाही. पाठीचं निमित्त सांगितलं आणि बाजूला स्टूलवर बसलो. मला बघायचं होतं.

संजनाने पवित्रा घेतला. डावा ठोसा. उजवा हात गालापाशी. पुन्हा डावा. पुन्हा डावा. हळूहळू उजवा हात सैल पडला. खाली आला...

फट्!

तिचं डोकं झटक्याने बाजूला गेलं.

बॅग जागची हलली नव्हती.

मी उठून धावलो. "संजू, बास! खाली चल!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ती हसत होती. हे दृश्य मी आयुष्यात विसरणार नाही.

"तू पाहिलंस ना? म्हणजे मला भास होत नाहीये. हात खाली आला की लागतं, दादा. फक्त तेव्हाच. नीट ठेवला तर काही करत नाही."

"कोण काही करत नाही?"

ती ग्लोव्हची पट्टी आवळत राहिली.

"मी ही बॅग आजच्या आज फेकून देतोय," मी म्हणालो.

तिने माझा दंड धरला. ग्लोव्हसकट, दोन्ही हातांनी.

"पाया पडते तुझ्या. निवडीपर्यंत राहू दे. सर इतकी वर्षं घसा फोडून सांगतात, मला जमलं नाही. हिने पंधरवड्यात शिकवलं. माझ्याकडे दुसरा रस्ता आहे का? असेल तर सांग."

बॅग तिथेच राहिली.

खरोखर सुधारणा होत होती, हे तर मलाही दिसत होतं. क्लबमध्ये सर बघतच राहिले. हात गालाला चिकटवल्यासारखा. कितीही दमली तरी ढळायचा नाही. "कोण शिकवतंय तुला?" त्यांनी विचारलं. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू यायला हवं होतं. सरांनी तिचं नाव पाठवलं.

पण मार थांबला नव्हता. कमी झाला होता इतकंच. गाल नाही तर बरगडी. कायम उजवीच बाजू.

कायम उजवी. म्हणजे समोरून डाव्या हाताने. हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

शेवटी आईने तिच्या बरगड्या पाहिल्या. कपडे बदलताना. काळ्यानिळ्या पडलेल्या. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मी सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, मला वेड्यात काढेल.

तिने एवढंच विचारलं, "कपडे फाडून भरले होते का?"

"नाही. अख्खेच."

आई खाली बसली. आई गोधड्या शिवते. कॉलनीतल्या निम्म्या घरांत तिच्या हातची गोधडी आहे.

"गोधडीत मी आख्खा कपडा कधी घालत नाय," ती म्हणाली. "आधी फाडते. फाडला की मग तो कुणाचा राहत नाय. आख्खा घातला तर ज्याचा त्याचाच राहतो. माझ्या आईनं शिकवलं होतं. मला वाटायचं, मऊ पडावा म्हणून सांगते."

संजना क्लबमध्ये गेलेली बघून आम्ही दोघं गच्चीवर गेलो. दुपारचं ऊन होतं. बॅग उतरवली. तळाची शिवण उसवली. कपडे बाहेर काढले.

इतके दिवस मार खाऊनही...

एकाही कपड्याची घडी मोडलेली नव्हती.

आईने एक ब्लाउज उलगडला. मग दुसरा. मग गाऊन. मग स्वेटर. उलगडत गेली आणि मध्येच थांबली.

प्रत्येकाची उजवी बाही खांद्यापाशी मुडपलेली होती. बारीक टाके घालून, कायमची शिवून बंद केलेली.

डावी बाही तेवढी मोकळी.

 कोण असेल ही बाई? एकाच हाताने किती वर्षं काढली असतील तिने? आणि हे इतके नीट टाके कुणी घातले असतील, तिनेच का?

आई उठली. डोळे पुसले. म्हणाली, "फाडू. फाडलं की सुटंल ती."

तिने साडीला दात लावला आणि ओढली. साडी फाटली.

पण...

फाटल्याचा आवाज आला नाही.

आईच्या हातात दोन तुकडे होते. तिने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा ओढलं. जुनं सुती कापड फाटताना केवढा चरचर आवाज करतं. काहीच नाही. आम्ही ते सगळं गठुडं फाडलं, ब्लाउज, गाऊन, सगळं. खाली रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न ऐकू येत होता, शेजारचा टीव्ही ऐकू येत होता. आमच्या हातातलं कापड मात्र मुकं होतं.

चिंध्यांचा ढीग झाला. मोठं काम केल्यासारखं वाटलं. आईने मला चहा करून दिला.

संध्याकाळी संजना आली. तिला सांगितलं. ती चिडली, रडली, मग शांत झाली. "जाऊ दे. आता हात बसलाय," म्हणाली. तिघं जेवायला बसलो.

तिने भाकरी मोडायला उजवा हात पुढे केला...

फट्!

ताट उपडं झालं. संजना भिंतीवर आदळली.

स्वयंपाकघरात आम्ही तिघंच होतो.

 मला तेव्हा कळलं, आम्ही काय करून बसलो ते. कपडे अख्खे होते तोवर त्या बाईला राहायला बॅग होती. ती जागा आम्हीच मोडली होती. ती दुसरीकडे जाणार तरी कुठे?

त्यानंतरचे दिवस असेच गेले. संजना उजवा हात गालाला लावून फिरायची. जेवण डाव्या हाताने. अंघोळ आई घालायची, हात धरून. शेजारचे विचारायचे, दाढ दुखते का? आम्ही हो म्हणायचो. झोपेत हात सुटू नये म्हणून आई ओढणीने तो डोक्याला बांधायची, आणि तरी आम्ही आळीपाळीने उशाशी बसायचो. ओढणी सैल झाली की तो आवाज यायचा. मग संजना किंचाळून उठायची. सकाळी उठून ऑफिसात आकडे मांडायचे आणि साहेबांशी नीट बोलायचं, हे माझ्याच्याने होईनासं झालं.

भांडीवालीला शोधून काढलं. ती म्हणाली, "मी धा गल्ल्या फिरते भाऊ. कोणाचं गठुडं, कसं आठवंल? तुमी तर भांडी देऊन नेलं." 

आईने वडिलांच्या माघारी कधी हात पसरले नव्हते. ती त्या चिंध्यांच्या ढिगासमोर हात जोडून बसली. "बाई, तू कोण आहेस मला ठाऊक नाय. तुझा हात गेला त्यात माझ्या लेकीचा काय दोष? सोड तिला."

चिंध्या आम्ही जाळल्या. फरक पडला नाही.

निवड चाचणी नाशिकमध्येच झाली. संजनाचे डोळे खोल गेले होते. मी म्हणालो, नको जाऊस. तिने ऐकलं नाही. "एवढं सोसलं ते कशासाठी?"

ती सगळ्या लढती जिंकली. तिच्या चेहऱ्याला समोरच्या एकाही मुलीचा ठोसा लागला नाही. उजवा हात तसूभर ढळला नाही. लोक टाळ्या वाजवत होते. शेखर सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. फक्त मला आणि आईला माहीत होतं, ती समोरच्या मुलीला घाबरून हात वर ठेवत नव्हती.

पंचांनी विजेती म्हणून तिचा उजवा हात वर करायला ओढला. तिने तो सोडवून घेतला आणि डावा पुढे केला.

संघाचं शिबिर नागपूरला होतं. तिच्या वजनगटात दोघींना बोलावलं होतं. दोघींतली एक पुढे राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. दुसरी निकिता नावाची मुलगी. साधी, हसरी. चाचणीच्या दिवशी आईच्या पाया पडली होती.

"तिथे रात्री तुझा हात कोण धरणार?" आईने विचारलं.

"बांधून घेईन."

नाशिक रोड स्टेशनवर गाडीत बसवून आलो. खिडकीत ती गालाला हात लावून बसली होती. गाडी हलली. आई प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून राहिली. तिला उठवून घरी आणायला मला बराच वेळ लागला.

तीन दिवस मी फोन हातातून खाली ठेवला नाही. संजना दोन शब्द बोलायची आणि ठेवायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज वेगळा होता. मोकळा. खूप दिवसांनी तिचा स्वतःचा.

"दादा, काल रात्री ओढणी सुटली. हात खाली पडला होता. सकाळपर्यंत तसाच."

"मग?"

"काही झालं नाही. आज दिवसभर हात खाली सोडून फिरले. काहीच झालं नाही."

 वाटलं, सुटलो. रडू आवरेना. आई धावत आली.

पलीकडे संजना गप्प होती.

"संजू? आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी आणि निकिता एकाच खोलीत आहोत."

"बरं मग?"

"आज सकाळी तिचा गाल सुजला होता. उजवा. ती म्हणते, झोपेत कॉटवर आपटला असेल."



"तिला सांगितलंस?"

 मागे मुलींचा गलका ऐकू येत होता.

"नाही."

"संजू..."

"दादा, तिचाही हात खाली येतो. माझ्यापेक्षा जास्त येतो. शनिवारी निवड आहे." ती थांबली. "मी इतक्या दिवसांनी झोपले रे."

तिने फोन ठेवला. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणते पोरगी?"

"बरी आहे," मी म्हणालो. "झोप लागली म्हणे तिला."

आईने छातीवर हात ठेवून डोळे मिटले. त्या रात्री आमच्या घरात कित्येक दिवसांनी दिवे लवकर मालवले गेले. मीही झोपलो. गाढ.

आज गुरुवार आहे. काल संजनाने शिबिरातल्या सगळ्यांचा एक फोटो पाठवला. त्यात निकिता शेवटी उभी आहे. तिने उजवा हात गालाला लावला आहे.

तिचा नंबर चाचणीच्या दिवशी मी घेतला होता. तो माझ्या फोनमध्ये आहे. मी अजून लावलेला नाही.